अल्केनचे सगळे आयसोमर कसे काढायचे, एकही न सुटता आणि एकही दोनदा न येता

अकरावीच्या ऑर्गॅनिकमध्ये पहिली गाडी अडते ती बहुतेक इथेच. प्रश्न एका ओळीचा असतो, सी६एच१४ चे सगळे स्ट्रक्चरल आयसोमर काढा, आणि वर्गात कुणाचे चार येतात, कुणाचे सात, एखाद्याचे चक्क नऊ. बरोबर उत्तर पाच. ज्याचे चार आले त्याचा एक सुटला आणि ज्याचे सात आले त्याने दोन आयसोमर वाकडे करून परत काढले. मजा म्हणजे कन्सेप्ट या सगळ्यांना माहीत असतो, रेणुसूत्र तेच पण अणू जोडलेत वेगळ्या पद्धतीने, एवढं तर दहावीच्या पुस्तकातच येऊन जातं. गडबड असते ती कागदावर सुरुवात कुठून करायची आणि थांबायचं कधी याची. मनाला येईल तशा फांद्या जोडत गेलं की घोळ होणारच, त्यामुळे खाली एक ठरलेली पद्धत सांगतोय, ती सहा कार्बनला चालते तशीच नऊला पण चालते.

आधी दोन मिनिटं बेसिक. कार्बनची संयुजा, म्हणजे तो किती बॉंड करतो तो आकडा, ४, हायड्रोजनची १, आणि अल्केन म्हणजे सगळे सिंगल बॉंड आणि कुठेही रिंग नाही. अशा रेणूत हायड्रोजनची संख्या कार्बनच्या दुप्पट अधिक २ एवढीच येते, म्हणजे ६ कार्बनला १४, ७ ला १६, ८ ला १८. प्रश्नात दिलेलं सूत्र आधी यात बसतंय का ते बघायचं. दोन हायड्रोजन कमी दिसले, उदाहरणार्थ सी६एच१२, तर तिथे डबल बॉंड नाहीतर रिंग आहे आणि तो वेगळाच प्रश्न झाला. सायक्लोहेक्झेन हा हेक्झेनचा आयसोमर आहे असं बरीच मुलं बिनधास्त लिहून येतात, नावात हेक्झेन दिसलं म्हणून, पण त्याचं सूत्रच वेगळं आहे, विषय संपला.

दुसरी गोष्ट, हायड्रोजन काढायचेच नाहीत. निदान कच्च्या कामात तरी नाही. नुसता कार्बनचा सांगाडा काढा, सगळे सांगाडे फायनल झाले की शेवटी प्रत्येक कार्बनला किती बॉंड झालेत ते मोजून ४ पर्यंत जेवढे कमी पडतात तेवढे हायड्रोजन भरा. सुरुवातीपासून सीएच३, सीएच२ लिहीत बसलात तर अर्धा वेळ त्यातच जातो आणि चेन नीट दिसत पण नाही.

आता सगळ्यात जास्त मार्क खाणारी चूक. कागदावर चेन सरळ काढली, एल आकारात काढली की नागमोडी काढली, याने रेणूला काही फरक पडत नाही. सिंगल बॉंडभोवती अणू फिरू शकतात त्यामुळे वाकलेली चेन म्हणजे तीच चेन. समजा तुम्ही पाच कार्बन आडवे काढले आणि सहावा कार्बन पहिल्याच्या डोक्यावर लावला. दिसायला फांदी दिसते, पण एका टोकाच्या कार्बनवर पेन्सिल ठेवा आणि पेन्सिल न उचलता, आलेल्या वाटेने मागे न जाता दुसऱ्या टोकापर्यंत जा, वाटेत सहाच्या सहा कार्बन लागतात. म्हणजे तो साधा सरळ हेक्झेनच आहे, कोपऱ्यात वाकवलेला. ही पेन्सिलची टेस्ट प्रत्येक स्ट्रक्चरला लावायची, सगळ्या टोकांपासून, आणि त्यात जी सगळ्यात लांब वाट सापडेल ती खरी मेन चेन.

तर पद्धत अशी. आधी सगळे कार्बन एका रांगेत, मग एक कार्बन काढून घ्यायचा आणि उरलेल्या चेनवर जिथे जिथे बसेल तिथे बसवायचा, मग दोन काढायचे, मग तीन. एका लांबीची चेन पूर्ण संपवल्याशिवाय पुढच्या लांबीला हात लावायचा नाही, हा नियम कितीही घाई असली तरी मोडू नका.

हेक्झेनवर करून बघू.

१–२–३–४–५–६

हा पहिला, सरळ हेक्झेन. आता चेन पाचची, एक कार्बन मोकळा, म्हणजे एक मिथाइल.

१–२–३–४–५

टोकाला, म्हणजे १ किंवा ५ वर, मिथाइल लावायचा नाही, लावला की चेन परत सहाची होते, आत्ताच बघितलं. राहिले २, ३, ४. आणि ४ म्हणजे उलट्या बाजूने मोजलं तर २ च. म्हणून चेनच्या मध्यापर्यंतच जायचं, पुढे गेलात की आरशातली पुनरावृत्ती सुरू. मिळाले दोन, २-मिथाइलपेंटेन आणि ३-मिथाइलपेंटेन. एकूण तीन झाले.

आता चेन चारची, दोन कार्बन मोकळे.

१–२–३–४

इथे दोन पर्याय असतात, दोघं वेगवेगळे लावायचे म्हणजे दोन मिथाइल, नाहीतर दोघं जोडून एक इथाइल. इथाइल चारच्या चेनवर २ नंबरला लावून बघा आणि पेन्सिल फिरवा. इथाइलच्या टोकापासून सुरू केलं तर दोन कार्बन फांदीचे, मग २, ३, ४, झाले पाच. चेन पाचची निघाली, आणि १ नंबरचा जो बिचारा कार्बन होता तो फांदी झाला. हा आपला ३-मिथाइलपेंटेनच, जो आधीच काढलाय. म्हणून इथाइल इथे बाद. राहिले दोन मिथाइल, जागा फक्त २ आणि ३. दोन्ही २ वर बसवले तर २,२-डायमिथाइलब्युटेन, एक २ वर आणि एक ३ वर बसवला तर २,३-डायमिथाइलब्युटेन. दोन्ही ३ वर बसवले तर ते उलटून २,२ च होतं.

तीनची चेन? तिच्यात आतला कार्बन एकच, त्याचे दोन बॉंड चेनमध्ये गेलेले, उरले दोन, म्हणजे जास्तीत जास्त दोन मिथाइल, एकूण कार्बन पाचच. सहा बसतच नाहीत. त्यामुळे इथे थांबायचं. एक, दोन, दोन, एकूण पाच.

यातून एक कामाची गोष्ट निघते जी क्लासमध्ये सहसा कुणी सांगत नाही. फांदी जेवढी लांब तेवढी ती टोकापासून आत लागते. मिथाइल एका कार्बनचा, त्याच्या दोन्ही बाजूला चेनचा किमान एक एक कार्बन पाहिजे. इथाइल दोनचा, दोन्ही बाजूला किमान दोन दोन, म्हणजे इथाइल ३ नंबरच्या आधी कधीच नाही आणि चेन किमान पाचची पाहिजे. प्रोपाइलला दोन्ही बाजूला तीन तीन, म्हणजे चेन सातची आणि एकूण कार्बन दहा. म्हणून नऊ कार्बनपर्यंत सरळ प्रोपाइल फांदी येतच नाही, डोक्यातून काढून टाका. तुमच्या उत्तरात २-इथाइल असं काही दिसलं तर स्ट्रक्चर न बघता पण सांगता येतं की चेन चुकीची निवडली आहे.

आता डुप्लिकेट पकडायचं कसं. नजरेने नाही पकडता येत, खरंच, पाच-सहाच्या वर स्ट्रक्चर गेले की डोळे फसतात. नाव द्यायचं. आययुपॅक नाव, म्हणजे जगभर मान्य असलेल्या नियमांनी दिलेलं नाव, हा आयसोमरचा आधार नंबर समजा, रेणूला कागदावर कसाही फिरवा, नाव तेच निघतं, आणि दोन चित्रांचं नाव एक आलं तर चित्र कितीही वेगळी दिसली तरी एक खोडायचं. फक्त नाव नियमाने दिलं पाहिजे. सगळ्यात लांब चेन आधी. दोन चेन सारख्याच लांब सापडल्या तर जिच्यावर फांद्या जास्त ती. मग ज्या बाजूने मोजल्यावर फांद्यांचे नंबर लहान येतात त्या बाजूने नंबर द्यायचे, म्हणजे २,३,३-ट्रायमिथाइलब्युटेन चुकीचं आणि २,२,३ बरोबर, पहिला आकडा दोन्हीत २ आहे, दुसऱ्यापाशी फरक पडतो, तिथे लहान तो घ्यायचा. इथे नंबरांची बेरीज करायची नसते. जुन्या गाइडमध्ये बेरीज कमी ती बाजू असं लिहिलेलं सापडतं आणि छोट्या रेणूंना ते चालून जातं, पण २,७,८-ट्रायमिथाइलडेकेन घ्या, उलट्या बाजूने ३,४,९ होतं, बेरीज १७ विरुद्ध १६, तरी बरोबर नाव २,७,८ च, कारण पहिल्याच आकड्याला २ हा ३ पेक्षा लहान. शेवटी फांद्या इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने, इथाइल आधी मिथाइल नंतर, डाय-ट्रायचं अक्षर मोजायचं नाही.

हेप्टेन आता पटपट होईल. सातची चेन, एक. सहाची चेन, मिथाइल २ वर नाहीतर ३ वर, दोन. पाचची चेन, दोन मिथाइल, जागा २, ३, ४, जोड्या लिहून काढल्या तर २,२ आणि २,३ आणि २,४ आणि ३,३, बाकीच्या ३,४ आणि ४,४ या उलटल्या की आधीच्याच होतात, म्हणजे चार, शिवाय इथाइल ३ वर बसतो तो एक, ३-इथाइलपेंटेन, हा नेमका सगळ्यांचा सुटतो. चारची चेन, तीन मिथाइल, २,२,३ एकच. बेरीज नऊ.

वर मी उलटल्या की आधीच्याच होतात म्हणालो त्याची ट्रिक अशी आहे की चेनच्या लांबीत एक मिळवायचा आणि त्यातून नंबर वजा करायचा. सहाच्या चेनला ७ मधून. २,३ चं ५,४ होतं, म्हणजे ४,५. २,४ चं ३,५ होतं. २,५ चं ५,२, म्हणजे स्वतःच. ऑक्टेन करताना सहाच्या चेनवर दोन मिथाइल बसवायचे असतात, जागा २ ते ५, सगळ्या जोड्या लिहिल्या तर दहा होतात, त्यातल्या या वजाबाकीने जुळणाऱ्या खोडल्या की उरतात सहा, २,२ आणि २,३ आणि २,४ आणि २,५ आणि ३,३ आणि ३,४. चित्र एकही काढावं लागत नाही. मला विचाराल तर चित्र काढायची वेळच शेवटी यावी, आधी नुसत्या आकड्यांच्या याद्या करायच्या.

ऑक्टेनचे एकूण अठरा. आठची चेन एक, सातची तीन, सहाची सात (वरचे सहा आणि एक ३-इथाइलहेक्झेन), पाचची सहा, चारची एक. पाचच्या चेनवर जरा थांबा, इथे सापळा आहे. तीन कार्बन मोकळे, ट्रायमिथाइलचे चार होतात, २,२,३ आणि २,२,४ आणि २,३,३ आणि २,३,४. मग एक इथाइल एक मिथाइल, इथाइलला जागा फक्त ३, मिथाइल २ वर नाहीतर ३ वरच, दोन झाले. आणि मग कुणाला तरी आठवतं की तीन कार्बनचा, मधल्या कार्बनने चेनला जोडलेला आयसोप्रोपाइल पण असतो की, तो ३ वर लावू. लावा, आणि पेन्सिल फिरवा. आयसोप्रोपाइलच्या एका टोकातून आत आलात तरी चेन पाचचीच निघते, पण या वाटेने फांद्या दोन होतात, एक मिथाइल एक इथाइल, आणि नियम जास्त फांद्यांच्या चेनचा. म्हणजे हा ३-इथाइल-२-मिथाइलपेंटेन, जो आत्ताच मोजलाय. नऊ कार्बनपर्यंत आयसोप्रोपाइल आणि टर्शरी ब्युटाइल (एका कार्बनवर तीन मिथाइल) या फांद्या वेगळ्या धरायच्याच नाहीत, त्या साध्या मिथाइल-इथाइलच्या यादीत आधीच येऊन गेलेल्या असतात.

चारच्या चेनवर चार मिथाइल, २,२,३,३, गच्च भरलं. चारच्या चेनची क्षमता इथे संपते, आठ कार्बन. नऊपासून पुढे चारची चेन बघायचीच नाही.

हा २,२,३,३-टेट्रामिथाइलब्युटेन मात्र भारी प्रकार आहे. साधा ऑक्टेन उणे ५७ अंशाच्या आसपास वितळतो, आपल्या हवेत द्रव, आणि हा त्याचाच भाऊ साधारण १०० अंशाला वितळतो, म्हणजे खोलीच्या तापमानाला घन. रेणू जवळजवळ गोल गरगरीत, सगळीकडून सारखा, स्फटिकात एकदम व्यवस्थित रचला जातो. उकळतो मात्र १०६ च्या आसपास, ऑक्टेनच्या १२६ च्या आधी. पेंटेनमध्ये पण हेच, सरळ पेंटेन ३६ अंशाला उकळतो, आयसोपेंटेन (२-मिथाइलब्युटेन) २८ ला, निओपेंटेन (२,२-डायमिथाइलप्रोपेन) साडेनऊला. फांद्या वाढल्या की रेणू आटोपशीर होतो, शेजारच्या रेणूला चिकटायला पृष्ठभाग कमी मिळतो, लंडन फोर्सेस, म्हणजे रेणूंना एकमेकांकडे खेचणारं हलकं आकर्षण, कमी, उकळणं सोपं. परीक्षेत बॉइलिंग पॉइंटचा क्रम लावा म्हणून हमखास येतं, आधी कार्बन मोजा, कार्बन सारखे असतील तर जास्त फांद्यांचा खाली. मेल्टिंग पॉइंटला हा नियम लावू नका, तिथे सिमेट्री जास्त बोलते, निओपेंटेन उणे १७ ला वितळतो आणि सरळ पेंटेन उणे १३० ला.

हे सगळं फक्त पेपरपुरतं आहे असं वाटत असेल तर घरातल्या फ्रिजच्या मागे किंवा कॉम्प्रेसरवरचं स्टिकर वाचा, नव्या फ्रिजवर बहुतेक आर६००ए लिहिलेलं असतं. तो आयसोब्युटेन, म्हणजे २-मिथाइलप्रोपेन. नुसता आर६०० म्हणजे साधा ब्युटेन. सूत्र दोघांचं सी४एच१०, पण साधा ब्युटेन उणे अर्ध्या अंशाच्या आसपास उकळतो आणि आयसोब्युटेन उणे १२ ला, आणि थंड करायच्या कामात हा दहा-अकरा अंशांचा फरक चांगलाच मोठा असतो. पेट्रोलचंही तसंच. पंपावर ९५, १०० असे जे आकडे दिसतात ते ऑक्टेन नंबर, आणि ती मोजपट्टी १९२० च्या दशकात दोन अल्केनवर बेतली, सरळ हेप्टेनला ० आणि २,२,४-ट्रायमिथाइलपेंटेनला, म्हणजे पेट्रोलवाल्यांच्या आयसोऑक्टेनला, १००. सरळ चेनवाले इंजिनात आधीच पेटून ठोकतात, फांद्यावाले शांतपणे जळतात, म्हणून रिफायनरीत पेंटेन-हेक्झेनच्या सरळ चेन मुद्दाम फांद्यावाल्या करतात, त्या युनिटला आयसोमरायझेशन युनिटच म्हणतात. १०० लिहिलंय म्हणजे टाकीत निव्वळ आयसोऑक्टेन ओतला असं नाही, त्याच्याइतकं ठोकायला विरोध करणारं मिश्रण एवढाच अर्थ. आणि जाता जाता, या २,२,४ वाल्याला आयसोऑक्टेन हे नाव कुठल्याच नियमात बसत नाही, आयसो म्हणजे टोकापासून दुसऱ्या कार्बनवर एकच मिथाइल, त्या हिशोबाने आयसोऑक्टेन २-मिथाइलहेप्टेनला म्हणायला पाहिजे होतं. पण पेट्रोलवाल्यांनी ते नाव रूढ केलं, आता कोण बदलणार.

एमसीक्यूमध्ये याच धड्यावर एक लाडका प्रश्न असतो, सी५एच१२ चा कुठला आयसोमर क्लोरिनेशन केल्यावर एकच मोनोक्लोरो (एका हायड्रोजनच्या जागी क्लोरीन बसलेलं संयुग) देतो. याला स्ट्रक्चरमध्ये हायड्रोजन किती प्रकारचे आहेत ते मोजायचं. निओपेंटेनचे बाराही हायड्रोजन एकसारखे, म्हणून एक. सरळ पेंटेन तीन देतो, आयसोपेंटेन चार. हेक्झेनचे पाच घेऊन बघा, सरळ हेक्झेन तीन, २-मिथाइल पाच, ३-मिथाइल चार, २,२-डायमिथाइल तीन, २,३-डायमिथाइल दोन. हे उलटं पण वापरता येतं, दोन स्ट्रक्चर एकच आहेत का अशी शंका असेल आणि प्रकारांचा आकडा वेगळा आला तर ते नक्की वेगळे. आकडा सारखा आला तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, सरळ हेक्झेन आणि २,२ दोघांचेही तीन आहेतच की.

आणखी एक, सातपासून ऑप्टिकल आयसोमर, म्हणजे जोडणी तीच पण डाव्या-उजव्या हातासारखी एकमेकांची आरशातली प्रतिमा असलेली जोडी, पण सुरू होतात. हेप्टेनच्या नऊपैकी ३-मिथाइलहेक्झेन आणि २,३-डायमिथाइलपेंटेन या दोघांत एक कार्बन असा आहे ज्याला चारही बाजूंना वेगवेगळे गट आहेत. प्रश्नात स्ट्रक्चरल लिहिलं असेल तर नऊ, स्टिरिओ, म्हणजे या आरशातल्या जोड्या वेगळ्या धरून एकूण विचारलं असेल तर अकरा. शब्द नीट वाचा.

पुढे आकडे फार वेगाने सुटतात, दहा कार्बनला ७५, वीसला ३,६६,३१९. आर्थर केली नावाचा इंग्लिश गणिती, १८७० च्या दशकात हे झाडांच्या आकृत्यांसारखं मोजत होता, त्याच्याही यादीत बाराला ३५७ आणि तेराला ७९९ आले, खरे आहेत ३५५ आणि ८०२. म्हणजे हाताने मोजण्यात केलीलाही ठेच लागली, तुमचे ऑक्टेनला सतरा आले तर फार मनाला लावून घेऊ नका. १९३१ मध्ये हेन्झे आणि ब्लेअर यांनी छोट्या रेणूंच्या आकड्यांवरून मोठ्यांचे काढत जायचं सूत्र दिलं, तेव्हा कुठे हे नीट बसलं.

सरावाला नोनेन घ्या, सी९एच२०, एकूण ३५. नुसते ३५ जुळवत बसू नका, चेननुसार हिशोब असा यायला पाहिजे, नऊची चेन १, आठची ३, सातची ११, सहाची १२, पाचची ८. सातच्या अकरात इथाइलचे दोन आहेत, सहाच्या बारात एक इथाइल एक मिथाइलवाले चार, आणि पाचच्या आठात ३,३-डायइथाइलपेंटेन आहे, ३५ ऐवजी ३४ आले तर आधी तो शोधा.